बोल्टाचं डोकं रंगवायचं नसतं

सासरे जर्मनीला एकदाच आले. त्या मुक्कामात आम्ही दोघांनी मिळून बर्फ काढायचं एक जुनं मशीन दुरुस्त केलं. ‘दोघांनी मिळून’ हे मी आज म्हणते आहे. तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, मशीन मी दुरुस्त केलं आणि ते मध्ये मध्ये करत होते.

आम्ही राहतो ते गाव बॉबलिंगेनपासून अर्ध्या तासावर, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, चढावर आहे. नवऱ्याची नोकरी बॉबलिंगेनला. तिथे घर मिळेना म्हणून आम्ही इकडे वर सरकलो आणि वरच्या थंडीत सापडलो. इथे आपल्या घरासमोरचा फुटपाथ सकाळी सातच्या आत मोकळा करायचा असतो. कोणी घसरून पडलं तर ते आपल्या गळ्यात. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत चाळीस पावलांचा उतार आहे, तोही आमच्याच वाट्याला. पहिले तीन हिवाळे तो मी फावड्याने काढला. नवऱ्याची कंबर नेमकी नोव्हेंबरात धरते आणि मार्चात सुटते.

खालच्या मजल्यावर घरमालकीण आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या गॅरेजात त्यांच्या यजमानांचं मशीन पडलेलं होतं. यजमान गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. समोर रुंद पत्र्याचं तोंड, त्या तोंडात आडवं फिरणारं लोखंडी पातं, वर वाकडं धुराडं. पातं बर्फ आत ओढतं आणि धुराड्यातून तो बाजूला उडतो. मागे धरायला दोन दांडे, त्यांवर दोन लिव्हर. एक दाबला की मशीन पुढे चालतं, दुसरा दाबला की पातं फिरतं. नारिंगी रंग उडून गेरूसारखा झाला होता आणि तोंडाच्या कडा गंजाने खाल्ल्या होत्या. मी फावडं घेऊन धापा टाकते हे आजी खिडकीतून बघायच्या. एकदा म्हणाल्या, “चालू करून दाखवलंस तर तुझं. फक्त माझ्या दारासमोरचंही काढ.”

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसाला जोडून इथे आले, मग भाषा, मग मुलगी, मग भाषेची पुढची परीक्षा. असं करता करता अकरा वर्षं गेली. या अकरा वर्षांत मी उघडलेलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे वॉशिंग मशीन, आणि ते बंद पडण्याची मी वाट बघायचे हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

ऑगस्टमध्ये कार्बोरेटरचं गॅस्केट घ्यायला मी शेजारच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथे गवत कापायची यंत्रं, करवती, लहान ट्रॅक्टर दुरुस्त करतात. मालक साठीचा, बोटं काळी, बोलायला तुसडा. सगळे त्याला माइस्टर म्हणतात, म्हणजे उस्ताद. दारावर त्याने हाताने लिहून चिठ्ठी लावली होती, हिवाळ्यासाठी मदतनीस पाहिजे. मी गॅस्केट घेतलं, पैसे दिले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. म्हटलं, “मी चालेन का?” त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या पर्सकडे बघितलं. मग म्हणाला, “तुझ्या त्या मशीनचं काम पूर्ण कर. ऑक्टोबरच्या शेवटी मी येऊन बघतो. काम बघून ठरवू.”

त्या रात्रीपासून ते मशीन माझ्यासाठी बर्फ काढायचं यंत्र राहिलं नाही. ती माझी परीक्षा होती. अकरा वर्षांनी कोणीतरी माझी परीक्षा घ्यायला तयार झालं होतं.

आणि नेमके तेव्हाच सासरे आले.

सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. घरी एकटे बसून काय करणार म्हणून नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावलं. सासरे, म्हणजे आमचे अप्पा, बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चाळीस वर्षं होते. हेल्पर म्हणून लागले आणि हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. “मेकॅनिकल केलंय म्हणे. मग पोळ्या येतात का?” सगळे हसले. मीही हसले, आणि ते हसणं मी त्यांना कधी माफ केलं नाही.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना गॅरेजचा पत्ता लागला. स्वेटर, कानटोपी घालून ते दारात खुर्ची टाकून बसू लागले. आजींना त्यांचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्या त्यांना ‘श्वीगरफाटर’ म्हणू लागल्या, म्हणजे सासरा. थोड्याच दिवसांत गल्लीतले सगळे तेच म्हणायला लागले. त्यांना जर्मनमधला हा एकच शब्द कळायचा. ऐकू आला की ते हात जोडायचे.

“कार्बोरेटर उघडलास?”

“हो अप्पा.”

“जेट साफ केलास?”

“केला.”

“तारेने केला नाहीस ना? भोक मोठं होतं.”

“नाही अप्पा. हवेने केला.”

“हं.”

हे ‘हं’ माझ्या डोक्यात जायचं. त्यात शाबासकी नसायची, चूक सापडली नाही याची नाराजी असायची. बरं, सांगायचे ते खोटंही नसायचं. बेल्ट मी बसवला तेव्हा ते लांबूनच म्हणाले, “पुली एका रेषेत नाही.” मी पट्टी लावून बघितली. खरंच नव्हती, दोन मिलिमीटर. मी ती नीट केली आणि त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना आवाजावरून कळलं असणार.

आठवड्याभरात मला ते असह्य झालं. माझी परीक्षा, आणि मागे बसून हे कॉपी पुरवणार. मी म्हटलं, “अप्पा, असं करू या. इंजिनाचं मी बघते. तुम्ही रंगाचं बघा.”

“रंगाचं?”

“हो. गंज काढायचा, रंग द्यायचा. तेवढंच मला कमी.”

डेपोत रंग द्यायला पेंटर असत. हेड मेकॅनिकने ब्रश हातात धरायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. आपल्याला बाजूला काढलं जातंय, हे त्यांनाही समजलं. मग म्हणाले, “बरं. रंगाचं बघतो.”

आणि त्यांनी रंगाचं बघितलं. बाउमार्क्टमधून, म्हणजे इथल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून, मी स्प्रेचे डबे आणले होते. ते त्यांनी परत करायला लावले. “हा फवारा मच्छर मारायला बरा. डबा आण आणि ब्रश आण.” बेल्टच्या झाकणाखाली, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथला मूळ नारिंगी रंगाचा टवका त्यांनी नखाने काढला, कागदात गुंडाळून दुकानात नेला आणि काउंटरवरच्या पोरीसमोर धरला. तिने यंत्रात घालून तसाच रंग बनवून दिला. मग आठ दिवस नुसता गंज. आधी तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. गंजलेल्या कडेला खालून पट्टी लावून रिव्हेट मारले. मग प्रायमरचे दोन हात, मग रंगाचे तीन. प्रत्येक हात वाळेपर्यंत ते त्याला कोणाला बोटसुद्धा लावू देत नसत. सप्टेंबरच्या उन्हात पत्रा ठेवायचे आणि ऊन सरकलं की पत्रा सरकवायचे.

एकदा बघितलं तर ते प्रत्येक बोल्टाच्या डोक्याला बोटाने ग्रीस लावत होते.

“हे कशाला?”

“ग्रीसवर रंग बसत नाही. मागनं पुसून काढायचा.”

“पण रंगवून टाका ना सरसकट. छान दिसेल.”

“बोल्टाचं डोकं रंगवायचं नसतं,” ते म्हणाले. “डोक्यावर आकडा असतो. बोल्ट कच्चा आहे का पक्का, ते पुढचा माणूस आकडा वाचून ठरवतो. रंगवलंस म्हणजे त्याला आंधळं केलंस.”

पुढचा माणूस कोण, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला प्रत्येक गोष्टीत प्रवचन द्यायची खोड आहे.

दसरा जवळ आला. मशीन जवळजवळ तयार होतं, राहिले होते दोन बोल्ट. फिरणारं पातं ज्या दांड्यावर असतं, त्या दांड्याला ते या दोन बोल्टांनी जोडलेलं असतं. हे बोल्ट मुद्दाम मऊ लोखंडाचे करतात. पात्यात दगड अडकला की बोल्ट तुटतो आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. जुन्यांपैकी एक गायब होता, दुसरा काढताना माझ्या हातात तुटला. मी नवे मागवले होते, पण पार्सल येईना.

अप्पा म्हणाले, “मऊच घाल हो. थांब दोन दिवस.”

“मला माहीत आहे अप्पा. मी मेकॅनिकल केलंय.”

“केलंयस खरं.”

बस्स, एवढंच म्हणाले. पण मला बघण्याच्या कार्यक्रमातला तो हशा ऐकू आला. आजींच्या यजमानांच्या खणात त्याच मापाचे दोन बोल्ट होते, चांगले चकचकीत. डोक्यावर आकडा होता, १०.९. हा ट्रकच्या चेसिसला घालायचा पोलादी बोल्ट, तो तुटत नाही. आकडा मी वाचला आणि तरीही घातले. दसऱ्याला मशीन चालू झालेलं मला अप्पांना दाखवायचं होतं.

संध्याकाळी ते आले, वाकले, वाचलं.

“हे कुठले?”

“तात्पुरते आहेत. उद्या नुसतं सुरू करून बघायचंय. बर्फ कुठे आहे?”

ते म्हणाले, “ठीक आहे. पण उद्या फक्त इंजिन. पात्याच्या लिव्हरला हात लावायचा नाही.”

दसऱ्याला डेपोत सगळ्या गाड्या धुऊन त्यांची पूजा व्हायची. त्यांनी ती इथे मांडली. बागेच्या दुकानातून झेंडूच्या दोन कुंड्या आणून त्यांनी हार केला. हळदकुंकू वाहिलं. डेपोत नारळ बॉनेटवर ठेवत. या मशीनला बॉनेटच नाही. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि नारळ त्याच्या तोंडात, पात्याला टेकवून ठेवला. हे मी बघितलं होतं. बघितलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आजी शाल घेऊन बाहेर आल्या. नवरा मोबाइल धरून उभा राहिला. मी मागे, दांड्यांशी. तिथून तोंडातलं काही दिसत नाही. दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, आणि काय लागलं म्हणून सांगू. एक खोकला नाही, एक हिसका नाही. आजींनी तोंडावर हात धरला. अप्पा डोळे मिटून आवाज ऐकत होते आणि मान हलवत होते. माझ्या कामावर त्यांना मान हलवताना मी पहिल्यांदा बघितलं.

नवरा ओरडून म्हणाला, “अगं, पातं फिरवून दाखव ना. नुसतं उभं काय व्हिडिओत घ्यायचं?”

मी लिव्हर दाबला.

कडाड असा आवाज झाला, मग आतल्या आत काहीतरी भरडल्यासारखा. अप्पा “सोड, सोड” म्हणत धावले. मी सोडला तेव्हा इंजिन छान चालू होतं आणि पातं मेलेलं होतं. नारळ पातं आणि पत्रा यांच्यात अडकला होता, एका बाजूने तडकलेला, आणि त्याचं पाणी नव्या नारिंगी रंगावरून कुंकू घेऊन खाली गळत होतं.

“या, प्रसाद तरी मिळाला,” नवरा म्हणाला. इथल्या लोकांसारखं प्रत्येक वाक्याआधी ‘या’, म्हणजे हो, म्हणायची त्याला सवय लागली आहे. आजी हसल्या. मी हसले नाही आणि अप्पाही हसले नाहीत. त्यांनी गिअरबॉक्सच्या तळाचा स्क्रू सैल करून दोन थेंब तेल बोटावर घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. तेलात सोनेरी कण चमकत होते. आतलं ब्राँझचं चाक दातांसकट खरवडून निघालं होतं. मऊ बोल्ट असता तर तो तुटला असता आणि पाच मिनिटांत दुसरा बसला असता.

मऊ बोल्टांचं पार्सल सोमवारी सकाळी आलं. मी ते हातात घेऊन गॅरेजात गेले. पोलादी बोल्टांपैकी एक निघाला. दुसरा आत वाकून बसला होता, तो कशानेच निघेना. गुरुवारी माइस्टर येणार होता. गिअरबॉक्स जुना होता, कधी ना कधी जाणारच होता, असं सांगता आलं असतं. पण त्या बोल्टाच्या डोक्यावर १०.९ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि माइस्टरला वाचता येत होतं.

नारिंगी रंगाचा डबा फळीवर होता. मी ब्रश बुडवला.

“डोकं रंगवू नकोस,” मागून आवाज आला.

अप्पा दारात उभे होते. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी ब्रश तसाच धरून उभी राहिले आणि रंगाचे थेंब माझ्या बुटावर पडले. त्यांनी ब्रश माझ्या हातातून घेतला, डब्याच्या कडेला निथळला, टर्पेंटाइनमध्ये ठेवला आणि ते वर निघून गेले. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला. हा माणूस गुरुवारी येणाऱ्या परक्या मेकॅनिकची बाजू घेतो आणि घरच्या सुनेची घेत नाही, असं मला वाटलं.

गुरुवारी माइस्टर आला. आधी मशीनभोवती एक फेरी मारली. रंगावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला. बेल्ट बघितला. दोरी ओढली, इंजिन ऐकलं, बंद केलं. “हे सगळं तू केलंस?” मी हो म्हटलं. अप्पा बाजूला उभे होते, स्वेटर, कानटोपी, हात मागे. मग मी त्याला पातं फिरत नाही हे सांगितलं. तो गुडघ्यावर बसला. खिशातून चष्मा काढला. बोल्टाच्या डोक्यावर अंगठा घासला.

“हा कोणी घातला?”

मला आठवतं, बाहेर कचऱ्याची गाडी उभी होती. आजींच्या खिडकीत कुंडी होती. मला हेही आठवतं की खरं उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी घातला. मला माहीत होतं तरी घातला. एवढंच म्हणायचं होतं. पण त्या वाक्याच्या पलीकडे मला पुन्हा वॉशिंग मशीन दिसलं, बंद पडण्याची वाट बघत बसलेली मी दिसले.

मी म्हटलं, “माइन श्वीगरफाटर.” माझ्या सासऱ्यांनी.

तो एक शब्द त्यांना कळायचा. ऐकल्यावर सवयीने त्यांचे हात जोडायला वर आले. मग त्यांनी माइस्टरकडे बघितलं, त्याच्या अंगठ्याखालच्या बोल्टाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते.

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाले, “मी. माय मिस्टेक. ओल्ड मॅन.”

चाळीस वर्षं ज्या माणसाने आकडा न वाचता एक बोल्ट फिरवला नव्हता, तो असं म्हणाला.

माइस्टर हसला. उठून त्याने अप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाला, “सांग त्यांना, पुढच्या वेळी सुनेला विचारा म्हणावं.”

ते मला मराठीत सांगावं लागलं. सांगितलं.

“विचारीन म्हणावं,” अप्पा म्हणाले.

तेही मी जर्मनमध्ये सांगितलं.

मला नोकरी मिळाली. गिअरबॉक्सचं चाक बदलणं हे माझं पहिलं काम, माइस्टरच्या वर्कशॉपमध्ये, त्याच्या नजरेसमोर. तो म्हणाला, तुझा हात चांगला आहे. अकरा वर्षं हे वाक्य ऐकायला मी तरसले होते आणि ऐकलं तेव्हा तोंडात खडा आल्यासारखं झालं.

आजींनी हे खिडकीतून ऐकलं होतं, त्यांनी जिन्यात माझ्या नवऱ्याला सगळं सांगितलं. जेवताना तो सुरू झाला. “अप्पा, तुम्हाला नस्ती उठाठेव करायला कोणी सांगितली होती? हिची नोकरी थोडक्यात वाचली. इथे आपल्या डेपोसारखं चालत नाही. गेनाऊ जे लिहिलंय तेच घालावं लागतं.”

गेनाऊ म्हणजे तंतोतंत. हे तो आपल्या बापाला समजावत होता, आणि त्याला स्वतःला बोल्ट कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो हेही सांगता आलं नसतं.

अप्पा वरणभात कालवत होते. म्हणाले, “चुकलं.” आणि ताट पुढे केलं. मी त्यावर तूप वाढलं आणि मूग गिळून बसले. माइस्टरसमोर मी घाबरून बोलले होते, असं म्हणता येईल. इथे मला कशाची भीती होती? कशाचीच नाही. नुसतं बरं वाटत होतं की आपल्यावर आलं नाही.

त्यानंतर महिनाभर ते होते. मी रोज ठरवायचे, आज बोलू. त्यांनी मला एकदा जरी टोमणा मारला असता तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. पण टोमणे त्यांनी फक्त पोळ्यांना मारले. ते गॅरेजात यायचे बंद झाले. मशीन परत आलं तेव्हा मात्र एकदा खाली उतरले, वाकले, दोन्ही बोल्टांची डोकी वाचली आणि ‘हं’ म्हणून वर गेले.

विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, “अप्पा, ते त्या दिवशी...”

“नोकरी लागली म्हणून पोळ्या जाड करू नकोस,” ते म्हणाले, आणि पासपोर्ट चाचपत रांगेत गेले. मला बोलू द्यायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं. ती दया होती की शिक्षा, हे मला अजून कळलेलं नाही. दया असेल तर मला ती नको होती.

पहिला बर्फ त्यानंतर आठवड्याने पडला. सकाळी गॅरेज उघडलं तर दांड्याला तारेने बांधलेली एक लहान कापडी पिशवी लटकत होती, डेपोत ड्रायव्हरच्या सीटमागे बांधतात तशी. आत पार्सलमधले उरलेले मऊ बोल्ट, प्रत्येक तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, “हेच घालणे. आकडा वाचणे.” चाळीस पावलं मी पंधरा मिनिटांत साफ केली. नंतर आजींच्या दारासमोरचं काढलं. मशीन एकदाही अडलं नाही. मी त्या पिशवीकडे बघायचं टाळत होते.

सव्वा वर्षाने अप्पा गेले. जानेवारी होता, वर्कशॉपमध्ये बर्फाच्या मशीनची रांग लागली होती. नवरा एकटा भारतात जाऊन आला. मी सीझन आहे म्हणून थांबले, आणि खरोखर सीझन होता. मशीनं यायची, पात्याला भलतेच बोल्ट घातलेले असायचे. माइस्टर विचारायचा, हा कोणी घातला? गिऱ्हाईक म्हणायचं, मेव्हण्याने. शेजाऱ्याने. माझ्या वडिलांनी. माइस्टर माझ्याकडे बघून डोळा मारायचा, कारण आमचीही तीच गोष्ट होती. मी बोल्ट काढायला घ्यायचे.

गेल्या दसऱ्याला आम्ही कोलोनला एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. दहाबारा माणसं होती. आपट्याची पानं मिळत नाहीत म्हणून कागदाची कापून वाटली. जेवणानंतर नवऱ्याने अप्पांची गोष्ट सांगितली. हल्ली तो ती फार छान सांगतो. झेंडूचा हार, तोंडातला नारळ, पोलादी बोल्ट, माय मिस्टेक, ओल्ड मॅन. तो व्हिडिओही त्याच्या फोनमध्ये अजून आहे. चाळीस वर्षं डेपोत काढलेला हेड मेकॅनिक आणि इथे येऊन त्याने काय केलं, असं म्हणताना त्याचे डोळे भरून येतात. वडिलांची त्याच्याकडे हीच गोष्ट उरली आहे आणि ती त्याला फार प्रिय आहे. सगळे हसून हसून लोळले.

माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती, इथे पीएच.डी. करणारी, मेकॅनिकलचीच. ती हसली नाही. तिने मला हळूच विचारलं, “पण ताई, डेपोतल्या माणसाला असा बोल्ट घालू नये हे कळतंच ना? खरंच त्यांनी घातला?”

नवरा माझ्याकडे बघत होता. बाकीचेही बघायला लागले.

मी म्हटलं, “हो. त्यांनीच.”